अंगणातील शाळा आणि शासनाची जबाबदारी

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला, सिलतरा, भनपुरी आणि बिरगाव या भागांत कारखान्यांच्या कडेने कामगारांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. तेथे दिवस लवकर उजाडतो. लोखंडाच्या कारखान्यांतील पहिल्या पाळीचे कामगार, मजूर नाक्यावर कामाची वाट पाहत उभे राहणारे बांधकाम मजूर, शहरातील बंगल्यांत धुणीभांडी करावयास निघालेल्या स्त्रिया, असे करता करता आठ वाजेपर्यंत वस्ती कर्त्या माणसांनी रिकामी होते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. तीन वर्षांचे मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. बहीण त्यामुळे शाळेत जात नाही, आणि भाऊ शाळेला पोचेल तेव्हा त्याला शाळा परकी वाटते. दोन मुलांचे शिक्षण एकाच वेळी, एकाच अंगणात, कोणाचाही आवाज न होता बुडते. या मुलांची शाळेची तयारी कोणी करावयाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ बालमानसशास्त्राचा नाही. तो कष्टकऱ्यांच्या वेळेचा, वेतनाचा आणि हक्काचा प्रश्न आहे.

छत्तीसगडमध्ये या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत एक उत्तर शोधले गेले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरच्या शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या. गरिबांच्या घरी ना संगणक होता, ना प्रत्येक मुलाच्या हाती दूरध्वनी. अशा काळात २०२१ मध्ये तेथील शिक्षिकांच्या पुढाकाराने ‘अंगना म शिक्षा’, म्हणजे अंगणात शिक्षण, हा उपक्रम उभा राहिला. लहान मुलांच्या मातांना गावोगावी मेळाव्यांत एकत्र आणावयाचे, घरातील भाजीपाला, भांडी, धान्य, कपडे हेच शिक्षणाचे साहित्य म्हणून कसे वापरावे हे दाखवावयाचे, आणि मुलांना घरच्या घरी शिकते करावयाचे, अशी ही कल्पना होती. चांगले काम करणाऱ्या मातांना ‘स्मार्ट माता’ म्हणून गौरविण्याची प्रथाही पडली. पुढे ५ सप्टेंबर २०२२ रोजी, शिक्षकदिनी, राज्य सरकारने पाच ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ५,१७३ बालवाड्यांचा आरंभ केला.

या उपक्रमाचे स्वागत करण्यात आम्हाला संकोच नाही. ज्या आईला व्यवस्थेने निरक्षर ठेवले, तिलाच पुढे ‘अडाणी’ म्हणून हिणविले, ती आपल्या मुलाची पहिली शिक्षिका आहे हे सत्य शाळेने मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. या सत्यामागे शास्त्र आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी दाखवून दिले की, मूल आज जे मोठ्यांच्या साह्याने करते ते उद्या स्वतःच्या बळावर करू लागते; आणि त्याचा विचार वाढतो तो बोलण्यातून, खेळण्यातून, माणसांच्या संगतीत. केंद्र सरकारचे २०२० चे शिक्षण धोरणही म्हणते की, मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते. तेव्हा शाळेचा दाखला मिळतो त्या दिवशी शिक्षण सुरू होत नाही. त्या दिवसापर्यंत बरेच काही घडलेले असते किंवा घडावयाचे राहून गेलेले असते.

मग घरी काय करावे? आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण युनियनच्या, किसान सभेच्या, महिला संघटनेच्या कामात दिवसाचे चौदा तास घालवितात, आणि मुलांची बाब ‘घरच्यांवर’ सोडून मोकळे होतात. त्यांच्यासाठी हे जरा तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिलीवर अक्षरे घोटावयास लावणे म्हणजे तयारी नव्हे. त्याच्या बोटांतील स्नायू अद्याप कोवळे असतात. कणकेचा किंवा मातीचा गोळा वळणे, शेंगा सोलणे, दोऱ्यात मणी ओवणे, गुंडी लावणे, कोळशाने वा खडूने अंगणात रेघोट्या ओढणे, ही लेखनाची खरी पूर्वतयारी आहे. तांदळात मिसळलेली डाळ वेगळी करताना मूल वर्गीकरण शिकते. घरात माणसे पाच आणि ताटल्या चार असल्या, तर एक कमी पडते हे त्याला आकड्यांआधी कळते. लहान-मोठे, आत-बाहेर, आधी-नंतर हे शब्द स्वयंपाकाच्या जागेइतके दुसरीकडे क्वचितच शिकता येतात. रोज रात्री एक गोष्ट सांगावी, मध्येच थांबून ‘मग पुढे काय झाले असेल?’ असे विचारावे, आणि मुलाचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. ज्याचे ऐकून घेतले जाते ते मूल वर्गात तोंड उघडते.

अंगणवाडीत वा बालवाडीत जाण्यापूर्वीचे काही आठवडेही महत्त्वाचे असतात. मुलाला आधी दोन-तीनदा ती जागा दाखवावी, तेथील ताईंशी ओळख करून द्यावी. आरंभी थोडा वेळ सोबत बसावे, मग ‘मी कामावर जाऊन येते’ असे सांगून निघावे. डोळा चुकवून पळू नये. हात धुणे, आपले ताट आपण उचलणे, लघवीला जावयाचे आहे हे सांगणे, आपले व आईवडिलांचे नाव सांगणे एवढे आले की मुलाचा अर्धा धीर बांधला जातो. आणि मारू नये. ‘थांब, शाळेत टाकते तुला, मग बाई बघतील’ अशी धमकी देणारे घर शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मुलाच्या मनात शाळेची भीती पेरून ठेवते.

या कामात पित्याचा वाटा कोठे आहे, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत आहोत. सभेत स्त्री-पुरुष समतेचा ठराव मांडणारा साथी घरी आल्यावर मुलाला मांडीवर घेऊन दहा मिनिटे गोष्ट सांगत नसेल, तर त्या ठरावातील शब्द अर्धेच खरे. छत्तीसगडमध्ये पोऱ्याच्या सणाला मुलाच्या हाती मातीचा बैल देतात आणि मुलीच्या हाती मातीचे जाते व चुलीवरची भांडी. विदर्भातील तान्ह्या पोळ्याशी नाते सांगणारा हा सण मोठा गोड आहे. पण बैल मुलाचा आणि जाते मुलीचे ही वाटणी शिकण्याचे वय नेमके हेच आहे. दोन्ही खेळणी दोघांच्याही हाती दिली, तर सण बिघडत नाही.

भाषेचा प्रश्न तर रायपुरात फार जवळचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाचा मराठीशी संबंध आला, आणि १९५६ पर्यंत विदर्भ व छत्तीसगड एकाच प्रांतात नांदले. रायपूरच्या मराठी घरातील मूल घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी ऐकते. बस्तरहून आलेल्या कुटुंबातील मुलाच्या ओठी गोंडी किंवा हलबी असते. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी शाळेचे पुस्तक मुख्यतः हिंदीच राहिले. पहिल्याच दिवशी ज्या मुलाचे शब्द शाळा ओळखत नाही, ते मूल मुके होते. आणि मग ‘मंद’ ठरते. आईबापांनी मोडकी-तोडकी हिंदी वा इंग्रजी मुलाच्या कानी घालण्याची घाई करू नये. घरची भाषा भरपूर, समृद्ध, निःसंकोच बोलावी. एका भाषेत ज्याला गोष्ट सांगता येते, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. शाळेनेही पहिली पावले मुलाच्या भाषेतच टाकली पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

येथवर जे सांगितले ते सर्व करावयाचे आहे. पण एवढ्यावर थांबलो, तर आपण एका मोठ्या फसवणुकीत सामील होऊ.

कारण ज्या आईला ‘स्मार्ट’ व्हावयास सांगितले जाते, तिच्या दिवसाचा हिशेब कोण मांडतो? पहाटे पाणी भरणे, स्वयंपाक, आठ-दहा तास मजुरी, परतल्यावर पुन्हा चूल. तिला मायेची कमतरता नाही, अकलेची नाही. कमतरता आहे ती वेळेची. शिकविण्याची पद्धत तिला मेळाव्यात दाखविता येते. वेळ मात्र मेळाव्यात वाटता येत नाही. तो मिळतो पुरेशा वेतनातून, कामाच्या मर्यादित तासांतून, घरातील कामाच्या न्याय्य वाटणीतून आणि कामाच्या जागेजवळच्या पाळणाघरातून. या चार गोष्टींविषयी मौन पाळून आईचा गौरव करणे म्हणजे तिच्या डोक्यावरील भारावर फुलांचा हार ठेवणे होय. उद्या मूल मागे पडले की दोषही तिच्याच माथी मारावयास व्यवस्था मोकळी!

‘अंगण’ हा शब्द शिक्षणाच्या इतिहासात कोणत्या अर्थाने आला, हे या ठिकाणी आठवले पाहिजे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. त्यांच्या ध्यानी आले की, बालवाडी उघडली म्हणून सर्वात गरीब घरांतील मुले तेथे येत नाहीत. कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे असते, कोणाला जातीच्या भिंतीने अडविलेले असते. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मास आली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर हे काम गेल्यावर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदविण्यामागे त्यांचा हेतू साधा होता: धाकट्याला पाळणाघरात जागा मिळाली, तरच थोरली बहीण वर्गात बसू शकते. उरला-बिरगावच्या वस्तीतील त्या बहीण-भावाची अडचण कोसबाडने अशी कित्येक दशके आधीच ओळखली होती.

त्याच १९४५ साली त्याच परिसरात, झरी येथे २३ मे रोजी हजारो वारली किसान सभेच्या परिषदेला जमले आणि वेठबिगार करावयाची नाही अशी शपथ घेऊन उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. गोदावरी परुळेकर यांनी त्या उठावाची कथा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदविली आहे. बोर्डीच्या बालवाडीचा आणि झरीच्या शपथेचा मार्ग एक नव्हता. त्यांना ओढूनताणून एकत्र बांधण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाने दोन्ही एकाच मातीत, एकाच वर्षी उभे केले यात एक धडा आहे. बापाची वेठ सुटल्याखेरीज मुलाला शाळा मिळत नाही. आणि मुलाला शाळा मिळाल्याखेरीज सुटलेली वेठ दुसऱ्या दाराने परत येते.

योगायोग असा की, युरोपातही हेच वर्ष आठवावे लागते. १९४५ च्या वसंतात फॅसिझमचा पराभव झाल्यावर इटलीतील रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातील लोकांनी पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकले. आलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधली. १९६३ पासून तेथील नगरपालिकेने अशा शाळांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. क्यूबात १९६१ पासून कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठी सार्वजनिक बालगृहे सुरू झाली. १९९२ मध्ये तेथे ‘आपल्या मुलाला शिकवा’ हा घरगुती शिक्षणाचा कार्यक्रम आला, तो अंगाने मोठा कठीण काळ होता. तरीही त्या कार्यक्रमामागे सार्वजनिक शिक्षण आणि आरोग्याची यंत्रणा उभी होती. आईच्या हाती काम सोपवून राज्याने काढता पाय घ्यावा, असे तेथे झाले नाही. घर आणि सार्वजनिक संस्था ही एका गाडीची दोन चाके आहेत. एक काढून दुसऱ्यास दुप्पट जोराने फिरावयास सांगता येत नाही.

आपल्याकडे कायद्याची गोष्ट उलट दिशेने गेली. १९५० च्या राज्यघटनेतील कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय दहा वर्षांत गाठण्यास सांगितले होते. त्यात ‘सहा वर्षांपुढील’ असा शब्द नव्हता. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढीच सूचना उरली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ अशीच भाषा आहे. मेंदूची ८५ टक्के वाढ ज्या वयात होते असे सरकारचे धोरण सांगते, नेमके तेच वय हक्काच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले. ही विसंगती अनवधानाची नाही. हक्क दिला की पैसा द्यावा लागतो.

आणि पैसा न देण्याची सर्वात उघडी खूण म्हणजे अंगणवाडी ताईंचे ‘मानधन’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना देशभर पसरली, ती या स्त्रियांच्या श्रमांवर. आहार वाटणे, वजने घेणे, लसीकरणाला मुले जमविणे, गरोदर मातांच्या भेटी, नोंदी भरणे, निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे, आणि या सर्वांतून उरलेल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण! त्यांना कर्मचारी म्हणावयाचे नाही, म्हणून वेतनही म्हणावयाचे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने कार्यकर्तीचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले, आणि त्याचाच मोठा गाजावाजा झाला.

पण जे मिळाले तेही लढ्यानेच मिळाले. २०२३ च्या आरंभी छत्तीसगडच्या अंगणवाडी कार्यकर्त्या व मदतनीस संपावर गेल्या. मार्चच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारला कार्यकर्तीचे मानधन ६,५०० वरून १०,००० आणि मदतनिसाचे ३,२५० वरून ५,००० रुपये करणे भाग पडले. महाराष्ट्रातील भगिनींनी ४ डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संप करून हीच लढाई पुढे नेली. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्ती व मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला होता. ज्या ताईला महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या मुलाची वही घेण्याची भ्रांत आहे, तिने दुसऱ्यांच्या तीस मुलांना हसतमुखाने गाणी शिकवावीत, ही अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेला बालशिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत व अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी. शहरांच्या कडेला नव्याने वाढणाऱ्या वस्त्या, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा येथे या कसोटीची आठवण प्रशासनाला कोणी करून द्यावयाची? धानाची कापणी आटोपली की छत्तीसगडमधून कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी परमुलखात जातात, महाराष्ट्रातही येतात. गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत मूल ‘गैरहजर’ ठरते आणि कामाच्या गावी त्याची नोंदच होत नाही. मूल मध्येच कोठे तरी हरवते.

म्हणून आमच्या साथींपुढे कार्य स्पष्ट आहे. रायपूर असो, नागपूर असो, भिवंडी असो वा सोलापूर. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी तयार करावी. कोण अंगणवाडीत जाते, कोण जात नाही, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड आहे, कोणते कुटुंब परमुलखातून आले आहे, हे त्यात लिहावे. जेथे चाळीस मुले भरतात तेथे सह्यांचे निवेदन न्यावे. जेथे अंगणवाडी आहे तेथे ती वेळेवर उघडते काय, तेथे खेळणी आहेत काय, भिंतीला पंखा व प्यावयास पाणी आहे काय हे पाहावे. आणि ताईंच्या चुका मोजण्यापूर्वी त्यांच्यावर लादलेल्या कामांची यादी मोजावी. ताई संपावर गेल्या तर ‘मुलांचे नुकसान होते’ म्हणून कुरकुरणाऱ्या पालकांना मेळाव्यात बोलवावे आणि नुकसान कोण करीत आहे ते समजावून सांगावे. कारखान्याच्या मागणीपत्रकात पाळणाघराची मागणी शेवटच्या ओळीत नव्हे, वेतनाच्या शेजारी लिहावी.

आणि सायंकाळी घरी परतल्यावर मुलाशी बोलावे. हे छोटे काम मोठ्या लढ्याला पर्याय नाही, तसा मोठा लढा या छोट्या कामातून सूट देत नाही. ज्या अंगणात मुलाला प्रश्न विचारावयास मिळतात, त्याच अंगणातून उद्या राज्यकर्त्यांना प्रश्न विचारणारी माणसे उभी राहणार आहेत. वस्तीतील ती सात वर्षांची बहीण भावाला कडेवरून उतरवील, त्याला पाळणाघराच्या दारात ताईंच्या हाती देईल आणि आपली पाटी घेऊन शाळेकडे धाव घेईल, तेव्हाच अंगणातील शाळा खऱ्या अर्थाने भरली असे म्हणता येईल. तोवर तिचा भार वाटून घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.